ब्रिजेटच्या हातचे सोळा जॉइंट

मी क्यूसी होते. क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल, म्हणजे दुसऱ्याच्या कामातली चूक काढायची आणि पगार घ्यायचा. अंधेरीला सीप्झमध्ये एका कंपनीत एकवीस वर्षं मी हेच केलं. लाइनवर चाळीस बायका माना खाली घालून सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग करायच्या आणि सगळ्यात शेवटी मी बसायचे. माझ्याकडे एक भिंग, एक बांबूची काडी आणि लाल रंगाची बाटली. प्रत्येक जॉइंटवर काडीने तीनदा टकटक करायचं, भिंगातून बघायचं, ठीक असेल तर त्यावर लाल ठिपका. एकदा ठिपका पडला की त्या जॉइंटला परत कुणी हात लावायचा नाही. लावला की मेमो. बायका मला मागून 'ठिपकेवाली' म्हणायच्या. मला ऐकू यायचं. म्हणा म्हटलं, ठिपका तर माझ्याकडूनच घ्यायचाय ना?

हे आधीच सांगून टाकते. कारण सांगायचंय ब्रिजेटबद्दल, पण त्यात मी पण आहे, आणि मी कशी आहे ते माहीत नसेल तर तुम्ही उगाच मला भली बाई समजाल.

ब्रिजेट मरोळ गावठाणातली. ईस्ट इंडियन ख्रिश्चन. घरात मराठीच बोलणार, तेही त्यांचं वेगळं, आणि चर्चला देऊळ म्हणणार. मी घाटकोपरच्या रमाबाई नगरातली, घरी बुद्धवंदना. पहिल्या दिवशी डबा खायच्या बाकावर ती माझ्या शेजारी येऊन बसली ती एकवीस वर्षं तिथेच बसली. ती आणायची त्यांच्या त्या वर्षभर बाटलीत भरून ठेवायच्या बॉटल मसाल्यातलं काहीतरी तिखटजाळ, मी आणायचे भाकरी आणि भाजी. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही आपापला डबा खाल्लाच नाही, एकमेकींचाच खाल्ला.

तिच्या हाताबद्दल काय सांगू? चाळीस बायकांपैकी कुणाचा जॉइंट कुणाचा ते मी बोर्ड बघून सांगायचे. एकीचा फुगलेला, एकीचा पसरलेला, एकीचा शेपटीवाला. ब्रिजेटचा तांदळाच्या दाण्याएवढा, चकचकीत, वरून जरासा दबलेला. हजारात एक परत जायचा नाही. मी कुणाचं तोंडावर कौतुक करत नाही, पण तिच्या बोर्डावर ठिपके लावताना मला बरं वाटायचं.

दोन हजार तीनमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. बायका पांगल्या. ब्रिजेटने घरी बसून रिपेरिंग सुरू केलं. गावठाणातल्या बँडवाल्यांचे अँप्लिफायर, कुणाचा रेडिओ, देवळातला माइक. तिचा नवरा मार्कस आरे डेअरीत नोकरीला होता आणि शनिवार-रविवार लग्नात गिटार वाजवायचा. मरोळ, आंबोली, गोराई, पार मढपर्यंत. त्याच्याकडे एक जुना परदेशी अँप होता, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. एका जहाजावरच्या वादकाकडून त्याने तो चौऱ्याहत्तर साली घेतला होता. काळा, जड, दोघांनी उचलावा लागेल असा. मार्कस बायकोवर जेवढा हात फिरवत नसेल तेवढा त्या अँपवर फिरवायचा. हे ब्रिजेटच म्हणायची, मी नाही.

त्या अँपची सगळी कमाल म्हणजे त्याचा ट्रेमोलो. गिटारची तार छेडली की आवाज सरळ येत नाही, पाळणा हलवावा तसा एका लयीत लहानमोठा होत येतो. अँपवर त्याची दोन बटणं असतात, एक वेगाचं आणि एक किती जोरात हलायचं त्याचं. मार्कस संथ काहीतरी वाजवायला लागला आणि त्याने पायाने पेडल दाबून ट्रेमोलो चालू केला की माझ्या, म्हणजे माझ्या सुद्धा, हातातलं काम तसंच राहून जायचं. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही.

दोन हजार दहाच्या मे महिन्यात तो ट्रेमोलो मंदावला. गावठाणात तेव्हा क्रुसाचा सण जवळ आलेला. त्यांच्यात चौकातल्या क्रुसापाशी संध्याकाळी सगळे जमतात, प्रार्थना म्हणतात, उकडलेले चणे वाटतात, आणि मग मार्कस वाजवणार हे ठरलेलं. ब्रिजेटने अँप उघडला, ट्रेमोलोच्या भागातले जुने वाळलेले कपॅसिटर काढले, नवे बसवले. एका रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेले होते तेव्हा हे काम चाललेलं. आजूबाजूचे जुने धरून सतरा जॉइंट होते. मधेच मसाला कुटणाऱ्या बायका दारात आल्या, ती उठून मिरच्या काढून द्यायला गेली, परत आली. मी बसल्या बसल्या गंमत म्हणून तिच्या मुलीचं, पर्लचं, लाल नेलपॉलिश उचललं आणि जॉइंटवर ठिपके लावून दिले. "घे, क्यूसी पास," म्हटलं. खूप हसलो दोघी. अँप लावून बघितला, ट्रेमोलो झकास चालला. मी मसाल्याची बाटली घेऊन घरी आले.

तेरा वर्षं मला त्या दुपारचं एवढंच आठवत होतं.

सणाच्या दिवशी मी पण गेले होते. दोनशे माणसं असतील. मार्कसने दोन-तीन गाणी वाजवली, मग ज्याची सगळे वाट बघतात ते संथ काढलं. पेडल दाबलं. आवाज डोलायला लागला, म्हाताऱ्या बायकांनी डोळे मिटले, आणि अर्ध्यावर ट्रेमोलो बंद पडला. आवाज सरळसोट, सपाट. मार्कसने पेडल दोनदा दाबलं, बटणं फिरवली. काही नाही. मग तो माइकमध्ये म्हणाला, "बायकोने सोल्डर केलंय, अजून काय होणार?"

सगळं गावठाण हसलं. ब्रिजेट पण हसली. मी तिच्या बाजूलाच उभी होते, मला तिचा चेहरा दिसत होता. चण्याचं पातेलं उचलून ती घरी गेली आणि कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली तिची ती जुनी इस्तरी, म्हणजे आम्ही लाइनवर सोल्डरिंग आयर्नला इस्तरीच म्हणायचो, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिली. त्या दिवसापासून तिने सोल्डरिंग केलं नाही. बँडवाले आले तरी नाही. रेडिओवाले आले तरी नाही.

मार्कस वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी विसरला असेल तो. पण अँप त्याने परत तिच्याकडे दिला नाही. ग्रँट रोडला एकाकडे नेला, त्याने व्हॉल्व्ह बदलून दिले. तिथे दहा मिनिटं ट्रेमोलो चालायचा, घरी आणून वाजवायला बसला की बंद. पुढे पुढे तर चालूच होईना. मार्कस तसाच वाजवत राहिला, सपाट. दोन हजार बाराच्या पावसाळ्यात छातीत दुखायला लागलं म्हणून बसला तो गेलाच. तेवढ्या दोन वर्षांत एकदाही तो ब्रिजेटला म्हणाला नाही, की जरा बघ गं याला. ती वाट बघत होती. मला म्हणाली होती एकदा, की त्याने नुसतं 'बघ' म्हटलं असतं ना, तर मी डबा उघडला असता.

मग पर्ल ऑकलंडला गेली, तिथेच लग्न केलं. ब्रिजेट एकटी. गावठाणातली निम्मी घरं भाड्याने गेली, चारी बाजूंनी टॉवर उठले, तिच्या ओट्यावर दुपारी दोननंतर ऊनच येत नाही. मे महिन्यात क्रुसापाशी प्रार्थना अजून होते. अकरा-बारा माणसं येतात. ब्रिजेट अजून पूर्वीच्याच पातेल्यात चणे उकडते. उरलेले चणे मग ती आठवडाभर खाते, सकाळी कांदा घालून, संध्याकाळी मसाला घालून. मी ओरडले एकदा, की अगं कमी उकड ना! म्हणाली, "कमी उकडले आणि माणसं आली तर?" कुठून येणार होती माणसं? माझ्याकडे तरी कोण येतं? मुलगा आकाश बदलापूरला, रविवारी फोन करतो, तो पण सून आठवण करते तेव्हा.

गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे तेवीस सालच्या, ब्रिजेटचा फोन आला.

"पर्ल येतेय सप्टेंबरमध्ये. मला घेऊन जाणार. घर बंद."

"बरंय की," मी म्हटलं. आवाज नेहमीचा ठेवला.

"चेतना, तू ये. अँप उघड. माझी चूक शोधून दे."

माझं डोकंच फिरलं. "वेडी झालीस का? माणूस जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तू त्या खोक्यात चूक शोधत बसणार?"

ती म्हणाली, "दर वर्षी दोन नोव्हेंबरला मी देवळात त्याच्या कोनाड्यापाशी मेणबत्ती लावते आणि सॉरी म्हणते. कशाबद्दल म्हणते ते तरी कळू दे गं मला. माझा हात चुकला का, एवढंच सांग. जायच्या आधी."

दोन नोव्हेंबर म्हणजे त्यांचा मेलेल्या माणसांचा दिवस. मुंबईत पुरायला जागा कुठे? काही वर्षांनी हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, वर नावाची संगमरवरी पाटी. मार्कस तिथे आहे.

"तू स्वतः का नाही बघितलंस इतकी वर्षं?"

"बघितलं. उघडून बघितलं दोनदा. सतराच्या सतरा जॉइंटवर तुझा ठिपका आहे. मग दुसरं काय चुकलं तेच कळत नाही."

तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. बरोबरच आहे, ठिपका असेल तर जॉइंट ठीकच असणार. एकवीस वर्षांची सवय, तिची पण आणि माझी पण.

शनिवारी मी मेट्रोने मरोळ नाक्याला उतरले. घाटकोपरपासून चौथं स्टेशन, दहा मिनिटं. पूर्वी दोन बस बदलून यायचे तेव्हा महिन्यातून दोनदा यायचे, आता दहा मिनिटांवर आलं तर सहा महिन्यांत आले नव्हते. हे मी स्वतःलाच ऐकवलं जिन्यावरून उतरताना.

ब्रिजेटने टेबलावर चादर घालून अँप मांडून ठेवला होता. ती बारीक झाली होती. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "तू जाड झालीस, हिशोब बरोबर."

व्हॉल्व्हच्या अँपमध्ये बंद केल्यावरही आत करंट साठून राहतो, तीनशे व्होल्टच्या वर. त्यामुळे आधी तो वायर लावून काढून टाकायचा, आणि चालू असताना काही करायचं तर एकच हात आत, दुसरा पाठीमागे. हे मला ब्रिजेटनेच शिकवलेलं. आता ती नुसती टॉर्च धरून उभी होती. पक्कड पण हातात घेईना.

पहिल्या शनिवारी सोप्या गोष्टी बघितल्या. पेडलची वायर कुठे तुटलेली नाही ना, पेडल नीट दबतं का, बटणं साफ केली, ट्रेमोलोचा व्हॉल्व्ह दुसऱ्याशी बदलून बघितला. काही नाही. मग माझा जुना काट्याचा मीटर लावला. ट्रेमोलो तयार होत असेल तर व्हॉल्व्हच्या पायाशी काटा सावकाश डोलतो. काटा डोलतोय आणि आवाज डोलत नाही, तर दोष पुढे. काटाच मेलेला, तर दोष मागे, जिथे ती लय तयार होते तिथे. काटा मेलेला होता.

"म्हणजे माझ्याच भागात," ब्रिजेट म्हणाली.

"अगं थांब जरा. लगेच काय गळ्यात फास?"

दुसऱ्या शनिवारी तिने घातलेले तीनही कपॅसिटर एक पाय, म्हणजे एका बाजूची तार, सोडवून मोजायचे होते, पण ठिपक्यांमुळे सोडवले नाहीत. तसेच जमेल तसे मोजले. ठीक वाटले. व्होल्टेज ठीक. सगळं ठीक आणि काटा ढिम्म. ब्रिजेट माझ्या तोंडाकडे बघत राहायची, डॉक्टरकडे बघतात तशी. मला तिचा राग यायला लागला. जेवण झालं, चहा झाला, मी पिशवी उचलली की ती म्हणायची, अजून एक चहा घे. तीनदा झाल्यावर मी खेकसले, "मला काय घरी कामं नाहीत का?"

मला घरी काहीही काम नव्हतं. तिलाही ते माहीत होतं. तरी तिने चहाचं भांडं खाली ठेवलं आणि मला मेट्रोपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "पर्ल म्हणते तिथे समोर समुद्र आहे." मी म्हटलं, "इथे मढला काय मग गटार होतं का?" ती हसली नाही. म्हणाली, "तिथे मी कुणाला हाक मारू, ते मला कळत नाही." मी कार्ड टेकवून आत गेले आणि मागे बघितलं तर ती अजून तिथेच.

तिसरा शनिवार शेवटचा. सोमवारी पर्ल उतरणार होती.

मी आल्या आल्या सांगितलं, "आज पहिल्यापासून. प्रत्येक जॉइंट ठोकून बघणार."

"ठिपक्यावरून?" ब्रिजेट दचकलीच.

"माझेच आहेत ना? मी मेमो देईन मलाच."

ती हसत स्वयंपाकघरात गेली, सुके बोंबील तळायला. मी अँप चालू केला, दहा मिनिटं तापू दिला, डावा हात पाठीमागे घेतला आणि बांबूची काडी आत घातली. हो, तीच लाइनवरची काडी, मी ठेवलीय जपून. एक, टक टक टक. दोन. तीन. स्पीकरमधून नुसता हिस्स आवाज येत होता, सरळ. सात. आठ. दहा.

अकराव्यावर काडी टेकली आणि काटा उडाला. हिस्स आवाज वर गेला, खाली आला, परत वर, परत खाली. तीन वेळा. मग बंद.

मी काडी तिथेच धरून ठेवली. आतून तेलाचा चर्रर्र आवाज येत होता, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. मी अँप बंद केला, करंट काढला, आणि नखाने अकराव्या जॉइंटवरचा ठिपका खरवडला. भिंग लावलं.

जॉइंट राखाडी होता. चमक नाही, रवाळ, आणि फुगलेला, एका बाजूला कललेला. सोल्डर थंड होत असताना पाय हलला की नाहीतर वरून फुंकर मारली की असा होतो. आम्ही त्याला ड्राय म्हणायचो. वरून धरलेला दिसतो, आत धरलेला नसतो. थंड असताना टेकलेला राहतो, गरम झाला की सुटतो. नव्या मुली पहिल्या आठवड्यात फुंकर मारतात, आणि मीच त्यांच्यावर ओरडायचे, फुंकू नका गं बायांनो, चहा आहे का तो?

हा ब्रिजेटचा हात नव्हता. तिने डोळे मिटून केला असता तरी असा झाला नसता. आणि मग मला त्या दुपारचं उरलेलं आठवलं.

मसाला कुटणाऱ्या बायका दारात आल्या. ब्रिजेटने कपॅसिटरचा पाय पट्टीला वळवून ठेवला होता, सोल्डर करायचा बाकी, आणि ती उठून गेली. इस्तरी गरम होती. मी एकवीस वर्षं दुसऱ्यांचे जॉइंट तपासले, स्वतः कधी एक केला नव्हता. क्यूसीला परवानगीच नसायची, कारण करणाऱ्याने तपासायचं नाही. मला वाटलं, त्यात काय एवढं? उचलली इस्तरी, लावला सोल्डर, भरपूर लावला, आणि लवकर थंड व्हावा म्हणून मारली फुंकर. ब्रिजेट परत आली तोपर्यंत मी ओळीने ठिपके लावत होते. त्याच्यावर पण लावला. काडीने ठोकला नाही. स्वतःचाच तर होता. ब्रिजेटने ठिपका बघितला आणि पुढचा करायला घेतला.

तेरा वर्षं, बाई! सगळ्या गावठाणासमोर मी तिच्या बाजूला उभी होते आणि मनात म्हणत होते, असो, होते चूक कधीतरी कुणाच्याही हातून. मी तिला माफ केलं होतं तेव्हा, माझ्याच चुकीबद्दल.

आता खरं सांगते. माझ्या पिशवीत पाय सोडवायला आणलेली छोटी इस्तरी होती. दोन मिनिटांचं काम. गरम करायची, टेकवायची, आणि सांगायचं की कपॅसिटरच खराब निघाला, नवीन मालच तसा होता, तुझा हात चुकला नव्हता. तिला जे हवं होतं ते मिळालं असतं, आणि मी पण राहिले असते जशीच्या तशी. मी इस्तरी बाहेर काढली सुद्धा. प्लग लावला.

ब्रिजेट बोंबलांची ताटली घेऊन आली. तिने इस्तरी बघितली, माझा चेहरा बघितला.

"सापडलं?"

"कपॅसिटर..." मी सुरुवात केली.

तिने ताटली ठेवली, पदराला हात पुसले आणि भिंग उचललं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती अँपवर वाकली. तिला शोधावं लागलं नाही. सोळा लाल आणि एक खरवडलेला.

बराच वेळ ती वाकूनच होती. मग म्हणाली, "हा माझा नाही."

मी माझी इस्तरी खाली ठेवली.

"चेतना, हा माझा नाही. माझा असा बसत नाही. कुणाचा आहे हा?"

"माझा," मी म्हटलं. "तू मिरच्या द्यायला उठलीस तेव्हा मी केला. वर ठिपका पण मीच लावला. मला आठवत नव्हतं गं. शपथ, आत्ता आठवलं." आणि मी रडायला लागले. मी, ठिपकेवाली. साठी उलटलेली बाई, नाक पुसायला रुमाल सापडेना.

ब्रिजेट ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. उलटे, सुलटे. "तेरा वर्षं," एवढंच म्हणाली. बोंबील गार झाले. बाहेर टॉवरच्या गेटवर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, किती वेळ वाजवत होतं.

मग ती उठली. कपाटावरून बिस्किटांचा डबा काढला. झाकण गंजलेलं, निघेना, मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे." स्वतःच काढलं. तिची जुनी इस्तरी, सोल्डरचं रीळ, सगळं तसंच होतं. माझा प्लग काढून तिने तिचा लावला. माझा तो राखाडी गोळा वितळवून ओढून घेतला, पाय साफ केला, आणि एका टेकणीत जॉइंट केला. तांदळाचा दाणा. तेरा वर्षांनी, पासष्टाव्या वर्षी. हात जराही हलला नाही.

मी काडीने तीनदा ठोकलं. भिंगातून बघितलं. "पास," म्हटलं. सवयीने पिशवीत लाल काहीतरी शोधायला लागले.

"ठिपका नको," ब्रिजेट म्हणाली. "उघडाच राहू दे."

अँप चालू केला. मार्कसची गिटार भिंतीवरून काढून तिने वायर जोडली. तिला वाजवता येत नाही. तिने नुसती जाड तार छेडली आणि आवाज डोलायला लागला, पाळण्यासारखा. थांबला की परत छेडायची. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. व्हॉल्व्ह चांगले तापले. बंद पडला नाही. ती रडली नाही. मीच रडत होते मधून मधून.

शेवटी तिने गिटार बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "मार्कसला कोण सांगणार?"

मी काडी आणि मीटर पिशवीत भरले.

पर्ल आली, आठ दिवसांत सगळं आवरलं. मला म्हणाली, "चेतना आंटी, मम्मा म्हणते अँप तुमच्याकडे द्यायचा." टेम्पोतून तो घाटकोपरला आला. माझ्या एका खोलीत कपाट आणि पलंगाच्या मधे उभा आहे, जाता-येता माझा गुडघा आपटतो. ब्रिजेटने निघताना मला मिठी मारली नाही. मसाल्याची बाटली हातात दिली आणि म्हणाली, "ऊन दाखव मधून मधून, नाहीतर कीड लागेल." मी तिला माफ कर म्हटलं. तिने ऐकलं. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि नाही केलं असंही म्हणाली नाही.

दोन नोव्हेंबरला संध्याकाळी मी मरोळला गेले. देवळाच्या मागे भिंतीपाशी गर्दी होती, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, लहान मुलांना घेऊन आलेली माणसं. मार्कसचा कोनाडा खालून दुसऱ्या ओळीत, पुढे ना माळ ना मेणबत्ती, पाटीवर धूळ. मी पाटी पदराने पुसली. मेणबत्ती लावली. आपल्याकडे आपण विहारात लावतो तशीच लावली, दुसरी रीत मला माहीत नाही. आणि आजूबाजूला लोक होते तरी जरा मोठ्यानेच बोलले, कारण त्याने पण माइकमध्येच सांगितलं होतं.

"मार्कस, मी चेतना. अकरावा जॉइंट माझा होता. फुंकर मी मारली, ठिपका मी लावला. ब्रिजेटच्या हातचे सोळा होते, ते तेव्हापासून आजपर्यंत पक्के आहेत. आता सतरावा पण तिनेच केलाय."

शेजारी उभी असलेली एक बाई माझ्याकडे बघायला लागली. बघू दे.

मेणबत्तीचा फोटो काढून ब्रिजेटला पाठवला आणि खाली लिहिलं, सांगितलं. दोन निळ्या खुणा आल्या. तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली असणार, म्हणजे जागीच होती. उत्तर आलं नाही. आज महिना होत आला. दर शनिवारी मी अँप चालू करते, अर्धा तास तापू देते आणि हिस्स आवाज डोलतोय ना ते ऐकते. मग तिला लिहिते, चालू आहे. निळ्या खुणा येतात.